भुंकला कोण?

आईच्या उपचारांसाठी उल्का सातपुते नाशिकला आली आणि इस्पितळाजवळच्या अतिथिगृहात उतरली. सोबत तिचा म्हातारा कुत्रा भुऱ्या होता. त्याला फिरवायला जवळपास एकच बाग होती आणि बाग समितीचे अध्यक्ष धारपसाहेब फाटकातच आडवे आले.

"कुत्रा भुंकला की लोकांची शांतता जाते. त्याला आत सोडणार नाही."

उल्का म्हणाली, "मग काका, नियमच करा. जो आवाज चढवेल, तो बागेबाहेर. भुऱ्या भुंकला, तर आम्ही पुन्हा येणार नाही."

फिरायला आलेली मंडळी भोवती जमली होती. साहेब ऐटीत म्हणाले, "मान्य. नियम सगळ्यांना सारखा."

उल्का आत गेली आणि साहेबांचं वर्तमानपत्र ठेवलेल्या, त्यांच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसली. भुऱ्या तिच्या पायाशी पसरला.

"ऊठ तिथून! ती माझी जागा आहे!" साहेब असे गरजले, की झाडावरची पाखरं उडाली. भुऱ्याने नुसता एक डोळा उघडला.

उल्का हळूच म्हणाली, "काका, फाटक उघडंच आहे. तुम्ही बाहेर जाता, की नियम मोडीत काढून आपण तिघंही इथंच बसूया?"

मंडळींना हसू आवरेना. साहेब मुकाट्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले, आणि त्यानंतर भुऱ्याला फाटकात कुणी अडवलं नाही.