सात गावांचे भोंगे

"…मग आता मी तुमच्याकडून शिकायचं तरी काय, मास्तर?"

शलाका तेंडोलकरच्या आवाजात नम्रता कमी आणि आनंद जास्त होता.

कोंडजाई नदीला पूर आला की काठावरच्या सात गावांत भोंगे वाजावेत, हे काम तिच्याकडे होतं. एकूण एक्केचाळीस यंत्रं. कुठलं पाणी मोजणारं, कुठलं पाऊस, कुठलं भोंगा वाजवणारं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती.

तिनं त्यावर एक प्रोग्राम तयार केला. कुठल्या यंत्रानं कुणाला काय कळवायचं, ते साध्या वाक्यांत लिहायचं. प्रत्येक यंत्राचा कोड प्रोग्राम आपोआप लिहून द्यायचा.

"सहा महिन्यांचं काम चार मिनिटांत होतं," ती म्हणाली.

दाजीबा कुवेसकर मास्तरांनी तिला पहिली वायर जोडायला शिकवलं होतं. ते उठले. घाटाच्या पायऱ्या उतरले आणि पाणी मोजणाऱ्या यंत्राची वायर उपटून हातात घेतली.

शलाकानं लॅपटॉपकडे पाहिलं. सगळं हिरवं. 'धोका नाही.'

"अहो, वायरच काढलीत तर ते कळवणार कसं?"

"गेल्या वर्षी पुरानं सगळ्यात आधी वायरच नेली."

…

पुराच्या त्या दिवशी पाणी घराघरांत माजघरापर्यंत शिरलं तरी एकही भोंगा वाजला नव्हता.

शलाका पायरीवर बसली. बराच वेळ बसली. मग तिनं एकच वाक्य लिहिलं: 'पाच मिनिटं एखाद्या यंत्राची खबर आली नाही, तर तीच धोक्याची खबर समजावी.'

चार मिनिटांत एक्केचाळीस यंत्रांचा कोड नव्यानं लिहून झाला, ज्याच्या त्याच्याकडे पोचला.

मास्तरांनी वायर जोडली. तिनं मान हलवताच पुन्हा उपटली.

एक मिनिट… तीन… पाच.

घाटावरचा भोंगा वाजला. मग पैलतीरावरचा. मग वळणापलीकडचे, एकामागून एक, सातही. आज चाचणी आहे हे गावांना ठाऊक होतं, तरी माणसं अंगणात आली. पैलतीरावरून कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोक्यावरचा टॉवेल काढून हलवला.

शलाकाचे डोळे भरून आले. तिनं वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला.

"एवढं साधं वाक्य, मास्तर. मला आधी का सुचलं नाही?"

मास्तर हसले.

"तेव्हा तू बोलत होतीस."