ठिपकीच्या डबक्यात पाणी येईना

एवढीशी होती ती. बोराएवढी.
अंगावर सात ठिपके. म्हणून तिचं नाव ठिपकी.
ठिपकी होती बेडकी. गावाच्या कडेला एका डबक्यात राहायची.
डबक्यात तिचे तीन भाऊ होते. भावांना अजून पाय फुटले नव्हते. नुसत्या शेपट्या. सुळुक सुळुक पोहायचे. डबक्याबाहेर त्यांना येता यायचं नाही.

डोंगरात होता झरा. झऱ्याचं पाणी चारीतून यायचं. चारी म्हणजे पाण्याची बारीकशी वाट. खळखळ खळखळ पाणी यायचं, डबक्यात पडायचं.

एक दिवस बैलगाडी गेली. खडाड खुडूड.
काठावरचा दगड सुटला. धप्प.
पडला तो चारीतच पडला.
पाणी अडलं. वळलं. भलतीकडेच निघून गेलं.

ऊन तापलं. डबकं आटू लागलं.
"ताई, पाणी कमी झालं," पहिला भाऊ म्हणाला.
"ताई, माझी शेपटी चिखलाला लागते," दुसरा म्हणाला.
तिसरा सगळ्यात धाकटा. तो काही बोललाच नाही. नुसता ताईकडे बघत राहिला.

ठिपकीनं दगडाला ढकललं. हुंऽऽ.
दगड हलेना.
पुन्हा ढकललं. हुंऽऽऽ.
हलेना म्हणजे हलेना.
"कुणालातरी शोधते," ठिपकी म्हणाली. "तुम्ही मधोमध राहा. तिथं पाणी आहे."

टुणुक टुणुक टुण.
आली माळावर. माळावर केरबातात्या. हातात काठी, शेजारी पहार. समोर बारा बकऱ्या.

"कोण आलं?"
"मी, ठिपकी."
"काय गं ठिपके?"
"दगड अडला चारीत.
पाणी येईना डबक्यात.
तात्या, तात्या, दगड काढाल का?"

तात्यांनी पहार उचलली. मग बकऱ्यांकडे बघितलं. पहार खाली ठेवली.
"काढला असता गं ठिपके, लगेच काढला असता. पण माझ्या बकऱ्या कोण राखेल? मी हललो की शिरतील कुणाच्या तरी गवारीत. बघ कुणी मिळतंय का."
"बघते," ठिपकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुण.
आली शाळेत. शाळेत मालनआत्या. चुलीवर मोठं पातेलं. पातेल्यात मुलांची खिचडी. रटरट रटरट.

"कोण आलं?"
"मी, ठिपकी."
"काय गं ठिपके?"
"दगड अडला चारीत.
पाणी येईना डबक्यात.
तात्या दगड काढेनात.
आत्या, आत्या, बकऱ्या राखशील का?"

"राखल्या असत्या गं ठिपके, लगेच राखल्या असत्या. पण माझी खिचडी कोण ढवळेल? खाली लागली तर पोरं नाकं मुरडतील. बघ कुणी मिळतंय का."
"बघते," ठिपकी म्हणाली.

टुणुक टुणुक टुण.
आली कडुलिंबाखाली. तिथं शेवंतावहिनी. फांदीला झोळी. झोळीत बाळ. बाळ रडतंय, ट्यँहँ ट्यँहँ.

"कोण आलं?"
"मी, ठिपकी."
"काय गं ठिपके? हळू बोल."
ठिपकी हळू बोलली.
"दगड अडला चारीत.
पाणी येईना डबक्यात.
तात्या दगड काढेनात.
आत्या बकऱ्या राखेना.
वहिनी, वहिनी, खिचडी ढवळशील का?"

"ढवळली असती गं ठिपके, लगेच ढवळली असती. पण माझ्या बाळाला झोका कोण देईल? झोका थांबला की हे सुरू. बघ कुणी मिळतंय का."
"बघते," ठिपकी म्हणाली.

जाता जाता वाटेत डबकं लागलं. ठिपकीनं वाकून बघितलं. पाणी थाळीएवढं उरलं होतं. तिघे भाऊ एकमेकांना चिकटून बसले होते.
"ताई, कुणी मिळालं?"
"मिळालेत. पण त्यांना अजून कुणीतरी हवंय," ठिपकी म्हणाली. आणि जोरात निघाली.

टुणुक टुणुक टुण.
आली वाचनालयात. एकच खोली, एकच कपाट. खुर्चीत हरबाआजोबा. कानानं जरा कमी ऐकू यायचं त्यांना.

"कोण आलं?"
"मी, ठिपकी."
"काय गं ठिपके?"
"दगड अडला चारीत.
पाणी येईना डबक्यात.
तात्या दगड काढेनात.
आत्या बकऱ्या राखेना.
वहिनी खिचडी ढवळेना.
आजोबा, आजोबा, झोका द्याल का?"

"झोपा? मी नाही झोपणार. आत्ताच उठलोय."
"झोपा नाही, आजोबा. झोका."
"असं असं, झोका. दिला असता गं ठिपके, लगेच दिला असता. पण वाचनालयात कोण बसेल? शाळा सुटली की मुलं पुस्तकं न्यायला येतात. बघ कुणी मिळतंय का."
"बघते," ठिपकी म्हणाली.

आता ठिपकी दमली होती. टुणुक बारीक झालं होतं.
टुण... टुण... टुण.
आली नजमाताईच्या दारात. नजमाताई कपडे शिवायची. आज मात्र मशीन गप्प होतं. नजमाताई पायरीवर पालथी पडून फटीत बघत होती.

"कोण आलं?"
"मी, ठिपकी."
"काय गं ठिपके?"
ठिपकीनं मोठा श्वास घेतला.
"दगड अडला चारीत.
पाणी येईना डबक्यात.
तात्या दगड काढेनात.
आत्या बकऱ्या राखेना.
वहिनी खिचडी ढवळेना.
आजोबा झोका देईनात.
ताई, ताई, वाचनालयात बसशील का?"

"बसले असते गं ठिपके, लगेच बसले असते. पण माझी किल्ली फटीत पडलीय. दाराला कुलूप लावायचं कसं? उघड्या घरात कुत्री शिरतील, लोकांचे नवे कपडे तुडवतील. बघ कुणी मिळतंय का."

"बघते," ठिपकी म्हणाली. आणि वळली.
वळली आणि थांबली.
"ताई, फट केवढी आहे?"
"एवढीशी. माझा हात जाईना. मांजरीचा पंजा जाईना."
ठिपकीनं फटीकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं.
"बोराएवढं कुणी गेलं तर?"
नजमाताई उठून बसली.
"बोराएवढं कुणी जाईल की," ती म्हणाली.

फटीत अंधार होता. गार गार होता.
ठिपकीला जरा भीती वाटली.
एक पाय आत घातला. मग दुसरा. मग डोकं. मग सगळी ठिपकी आत.

"दिसली का?" वरून नजमाताई म्हणाली.
"नाही."
आणखी आत. कोळ्याचं जाळं नाकाला लागलं. आक्शी.
"दिसली का?"
"नाही."
आणखी आत. पायाला काहीतरी लागलं. टिंग.
"दिसली नाही, पण लागली," आतून ठिपकी म्हणाली.

किल्ली तिच्याहून मोठी. तोंडात मावेना.
किल्लीला होता लाल दोरा. ठिपकीनं दोरा धरला तोंडात.
ओढ, ओढ. टिंग.
ओढ, ओढ. टिंग.
सुटला दोरा. पुन्हा धरला.
ओढ, ओढ, ओढ. टिंग टिंग टिंग.
फटीतून आधी ठिपकीचं बूड बाहेर आलं. मग पोट. मग डोकं. मग लाल दोरा. मग किल्ली.

नजमाताईनं किल्ली घेतली. ठिपकीच्या नाकावरचं जाळं पुसलं.
"चल," ती म्हणाली.

मग काय झालं?

ताईनं लावलं कुलूप, खट्ट. ताई बसली वाचनालयात.
आजोबा उठले. काठी टेकत गेले. झोका दिला, कुर्र कुर्र.
बाळ झोपलं. वहिनी निघाली. खिचडी ढवळली, घर्र घर्र.
आत्यानं पदर खोचला. माळावर गेली. बकऱ्या राखल्या, हुर्र हुर्र.
तात्यांनी पहार घेतली. चारीपाशी आले. पहार दगडाखाली घातली. हुंऽऽ.

दगड हलला.
हुंऽऽऽ.
दगड कलला.
हुंऽऽऽऽ.
गडगड गडगड धप्प. दगड गेला बाजूला.

पण पाणी येईना.
ठिपकी बघत राहिली. तात्या बघत राहिले.
मग आला एक थेंब. टिप.
मग आली एक धार. झुळझुळ.
मग आलं सगळं पाणी. खळखळ खळखळ खळखळ.

डबक्यात पाणी वाढलं. थाळीएवढं होतं, परातीएवढं झालं. परातीएवढं होतं, घोंगडीएवढं झालं.
पहिला भाऊ सुटला, सुळुक.
दुसरा भाऊ सुटला, सुळुक.
धाकटा मात्र तिथंच होता. ठिपकीनं उडी मारली, डुबुक. खालून त्याला हळूच ढकललं.
सुळुक.
"ताई," धाकटा म्हणाला. तो आज पहिल्यांदाच बोलला. "ताई, पाणी गार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबक्यापाशी कोणीतरी आलं. हातात पळी होती.
"ठिपकी आहे का?"
"कोण आलं?"
"मी, मालनआत्या. शाळेतल्या नळाच्या तोंडात पान अडकलंय. आमची बोटं जाईनात. बारीक काम आहे, तुझ्या मापाचं."
ठिपकीनं भावांकडे बघितलं. भाऊ मजेत पोहत होते.
"येते की," ठिपकी म्हणाली.
टुणुक टुणुक टुण.

डबकं भरलं काठोकाठ. गोष्टीनं मारली त्यात बुडी.
डुबुक.