हातातून घेतलेली घागर

एकेकाळी एक वृद्ध वैद्य नदीकाठच्या गावी राहत असत. साठी उलटली तरी घाटाच्या ऐंशी पायऱ्या उतरून आपली घागर आपणच भरून आणायची, हा त्यांचा नेम होता. एके दिवशी त्यांच्या लाडक्या शिष्याने ती घागर हातातून काढून घेतली. "गुरुजी, आम्ही असताना आपण पाणी भरायचं? लोक काय म्हणतील!" गुरुजी हसले आणि ओसरीवर बसले. मग पूजेची फुले, बाजारहाट, सगळे काही शिष्यच करू लागले. गावाने या सेवेचे तोंडभरून कौतुक केले. असल्या कौतुकात आपली गावे फार हौशी!

बारा वर्षे गेली. तो शिष्य शेजारच्या गावी नावाजलेला वैद्य झाला. गुरुपौर्णिमेला तो पाद्यपूजेसाठी आला आणि गडबडीत कढत पाणीच गुरुजींच्या पायांवर ओतले गेले. त्याची बोटे पोळली. गुरुजींना मात्र काहीच कळले नाही. अंगठ्याची जुनी जखमही भरलेली नव्हती. शिष्याने घाईघाईने गार पाणी घातले.

गुरुजींनी कोपऱ्यातली ती घागर मागवून त्याच्या हाती दिली. "हा प्रसाद. तुझ्या वडिलांना दे."

"वडिलांना? त्यांना तर मी इकडची काडी तिकडे करू देत नाही."

"म्हणूनच. अरे, अंग हललं की अन्नातली साखर कामी येते. बसून राहिलं की ती रक्तातच साठते आणि रक्तवाहिन्या आतून खराब करते, पायांची जाणीवही घालवते. पाण्याची चामडी पखाल रोज भरली तर मऊ राहते, खुंटीला टांगली की ताठरते. वय आपलं काम करणारच; मी त्याला वाट मोकळी करून दिली. जन्मभर लोकांना हे सांगितलं, आणि स्वतः घागर सोडताना सुखावलो! तुला बोल लावत नाही, तू प्रेमानं घेतलीस. पण माझे पाय आता गेले. तुझ्या वडिलांचे अजून आहेत."

शिष्य घागर घेऊन आपल्या गावी परतला.

घरी वडील झोपाळ्यावर बसले होते. "आलास? जरा पाणी दे रे."

शिष्य सवयीने आत वळला आणि थबकला. "बाबा, चला, नदीवरून आणू."

"या वयात? लोक काय म्हणतील!"

"म्हणू देत," तो म्हणाला. त्याने ती घागर त्यांच्या हाती दिली.

अर्धी घागर घेऊन पायऱ्या चढताना वडिलांना धाप लागली. शिष्याचा हात दोनदा घागरीकडे गेला आणि दोनदा त्याने तो मागे घेतला. हा हात बारा वर्षांपूर्वीच आवरायला हवा होता.