तोमासाच्या चुलीखालचं पाणी

आन्देस पर्वतातलं वायराकुंका हे प्रांताच्या राजधानीचं शहर. इतकं उंच, की पाहुणा गाडीतून उतरतो आणि बॅग उचलायच्या आधीच धापा टाकायला लागतो. शहरात कचेऱ्या आहेत, विद्यापीठ आहे, मोठं चर्च आहे. पण इथले लोक पाहुण्याला पहिल्यांदा नेतात ते चौकामागच्या बोळात, एका बुटक्या मातीच्या घरात. डोंगरावरून आलेला पाट या घराच्या एका भिंतीतून आत शिरतो, स्वयंपाकघरातून खळाळत जातो आणि समोरच्या भिंतीतून बाहेर पडतो. पाटावर दगडी फरशी, फरशीवर पेटती चूल. म्हातारा वाटाड्या एवारिस्तो पाहुण्यांचा दम परत येईपर्यंत थांबतो, टोपी काढून छातीशी धरतो आणि सांगायला लागतो.

गोष्ट स्पॅनिश अंमलातली, असं सांगतात. वायराकुंका तेव्हाही प्रांताचं ठाणं होतं, पण पाण्यावाचून हैराण. नदी होती ती दरीच्या तळाशी. घागर वर आणेपर्यंत अर्धं पाणी वाटेत सांडायचं आणि आणणारीचा घसा उरलेल्या अर्ध्याकडे बघत कोरडा पडायचा. खालच्या खोऱ्यातल्या गावाला मात्र पाणी, मका, फळबागा, देवाने सगळं ओंजळीने दिलेलं. शेवटी अंमलदाराने हुकूम काढला: येत्या पेरणीपर्यंत वर पाणी आलं नाही, तर ठाणं खाली हलेल आणि माणसंही. खाली जाऊन आपल्याला दुसऱ्याच्या मळ्यात राबायचं आहे, हे सगळे ओळखून होते.

मग गाव मिंकाला उभं राहिलं. मिंका म्हणजे सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता करायचं काम. हिमाखालच्या तळ्यापासून खणायला सुरुवात झाली. जमिनीला घाव घालण्याआधी धरणीमातेला मक्याची दारू ओतायची आणि ज्याच्या हिश्शाचा पाट त्याने खणणाऱ्यांना जेवू घालायचं, अशी रीत. हातांचे फोड फुटले, पण पाट डोंगर उतरून गावाच्या वेशीशी आला. आणि तोमासा किस्पेच्या घरापाशी अडला.

एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कडा. पाण्याला उतार मिळत होता तो फक्त तिच्या स्वयंपाकघरातून, नेमका चुलीखालून. आणि ती चूल म्हणजे तोमासाचा शब्द होता. तिचा नवरा आन्सेल्मो सक्तीच्या मजुरीसाठी पाऱ्याच्या खाणीवर गेला, तेव्हा जाताना म्हणाला होता, "चूल विझू देऊ नकोस आणि जागची हलवू नकोस. धूर दिसला की मला घर सापडेल." खाणीतून माणूस क्वचितच परत यायचा. तरी तोमासाने विस्तव विझू दिला नव्हता. आणि जिची चूल पेटती, तिच्या परवानगीवाचून तिच्या भिंतीला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा कुठल्याही राजाच्या कायद्याहून जुना. कुणी तिला एका शब्दाने विचारलं नाही. लोकांनी कुदळी खाली ठेवल्या आणि मुकाट्याने बोचकी बांधायला घेतली.

गाव सोडताना चुलीतला निखारा बरोबर न्यायचा असतो. त्या वर्षी ओल्या गोवऱ्यांनी घरोघरच्या चुली विझलेल्या, म्हणून बायका निखारा मागायला तोमासाच्याच दारी आल्या. तोमासा एकेकीच्या गाडग्यात निखारा घालत होती. शेजारीण फेलिपा रडत म्हणाली, "तुझा धूर तेवढा मागे राहील गं."

तोमासाचा हात थांबला. ती संतापली, म्हणे, आणि तो संताप स्वतःवरच होता. "रिकाम्या डोंगरावरचा धूर बघून माझा माणूस येईल आणि इथे बघेल काय? मला एकटीला? त्याला घर सापडायला हवंय, आणि घर म्हणजे तुम्ही नाही का, गधड्यांनो? ठेवा ती गाडगी खाली!"

तिने स्वतः कुदळ उचलली आणि स्वतःची भिंत फोडली. मग तिने चुलीच्या दोन्ही बाजूंना दगड उभे केले आणि जमेल त्या सगळ्यांना बोलावून चुलीच्या बुडाशी फरशी सरकवून घेतली. पुरुष त्या फरशीखाली पालथे पडून खणत होते, वर विस्तव धगधगत होता आणि तोमासा त्याच विस्तवावर त्यांच्यासाठी बटाट्यांचं कालवण रांधत होती. त्यांचे केस होरपळले, पण चूल तसूभर हलली नाही आणि विझलीही नाही.

ठाणं हलवायला अंमलदार आला, त्या सकाळी पाणी चुलीखालून गेलं आणि चौकातल्या हौदात कोसळलं. ढोल वाजले, बायका पाण्यात नाचल्या. अंमलदाराचा विश्वास बसेना, म्हणून तो घर बघायला आला. दार बुटकं, त्यामुळे साहेबांना वाकावंच लागलं. तोमासाने विचारलं, "कोण आलंय?" त्याने आपल्या पदव्या सांगायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "एवढी माणसं माझ्या घरात मावायची नाहीत. नाव सांग." त्याने नाव सांगितलं आणि तिने वाटीभर पाणी पुढे केलं. ठाणं हललं नाही ते नाहीच.

आन्सेल्मो आला का, असं पाहुणे विचारतात. एवारिस्तो सांगतो, "तो नाही आला. पण खाणीतून सुटलेले दुसरे कितीतरी जण त्या धुराच्या खुणेने आले. प्रत्येकाला ती 'कोण आलंय?' असंच विचारायची आणि पाणी द्यायची."

आजही प्रांताचा नवा गव्हर्नर शपथ घेतली की आधी या दारात येऊन वाकतो. आतून घरधनीण विचारते, "कोण आलंय?" मागच्या खेपेच्या साहेबांनी सवयीने "गव्हर्नर" असं उत्तर दिलं. दार उघडलं नाही. गारा पडत होत्या, पाठीमागे अख्खं गाव हसत होतं. बऱ्याच वेळाने साहेब हळूच म्हणाले, "मी नेमेसियो, पुकारा गावचा, ऊर्सुलाचा मुलगा." तेव्हा कुठे कडी निघाली.