बोल्ट कधी आवळायचा

“तेच स्प्रिंग, तेच शॉकअप, गाडीही तीच. मग तुमची रस्त्याला धरून चालते आणि माझी का उडते?”

बाबालाल उस्ताद चहा पीत होते. त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या रणधीरकडे पाहिलं नाही. त्याच्या गाडीकडे पाहिलं.

पांढरी गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. इतकी खाली बसवलेली, की चाकांची वरची कड पत्र्याआड गेली होती.

उस्तादांचं गॅरेज कोल्हापूरजवळ शिरोलीत. एके काळी शर्यतीच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय ट्रॅकवर उतरत नसत. आता सत्तरी उलटली होती आणि मनाला येईल तेवढंच काम ते घेत. त्यांची स्वतःची निळी गाडी मात्र लोक अजून बघायला येत. तीही थोडी खाली बसवलेली होती. वळणावर ती पाण्यासारखी वळते, असं सगळे म्हणत.

रणधीर चौगुलेचं गॅरेज इचलकरंजीत. गाड्या खाली बसवण्यात त्याचं नाव झालं होतं. सांगली-मिरजेची पोरं त्याच्याकडे यायची. हात सफाईचा होता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

“तेच आहेत, हे तुला कसं कळलं?” उस्तादांनी विचारलं.

“मागं आलो होतो तेव्हा तुमच्या गाडीखाली वाकून बघितलं. नंबर पाठ करून गेलो.”

उस्ताद हसले.

“चोरीला माझी हरकत नाही. पण अर्धीच का केलीस?”

रणधीरला काही कळलं नाही.

“उडते म्हणजे कुठे उडते?”

“...करूळ घाटात.”

“एकटा होतास?”

रणधीरनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं सांगितलं.

बायकोला, शर्वरीला, घेऊन तो वैभववाडीला तिच्या माहेरी निघाला होता. घाटातल्या एका वळणावर डांबर उखडलेलं होतं. गाडीचं मागचं अंग उडालं, खाली आलं, पुन्हा उडालं आणि दरीकडे घसरलं. चाक कठड्याच्या अलीकडे खडीत रुतलं, म्हणून गाडी थांबली.

शर्वरी ओरडली नाही. तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि कठड्यावर जाऊन बसली. मागून एसटी आली, तिला हात केला आणि चढून गेली. तेव्हापासून ती ह्या गाडीत बसली नव्हती.

“काय म्हणाली?”

“काहीच नाही.”

“तू काय म्हणालास?”

“रस्ता खराब होता, म्हणालो.”

उस्तादांनी पेला खाली ठेवला.

“गाडी खड्ड्यावर घे.”

गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून गॅरेजच्या जमिनीत लांबट खड्डा होता, त्यावर गाडी आली. खाली उतरून दोघं वर बघू लागले. उस्तादांनी शॉकअपच्या दांड्यावरच्या पिवळ्या रबरी ठोकळ्याला बोट लावलं.

“हे काय?”

“बंपर रबर. मोठा धक्का बसला तर शॉकअप आपटू नये म्हणून.”

“मोठा धक्का बसायला जागा किती उरलीय? बोट घाल.”

रणधीरनं बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही. नख घातलं, तेही गेलं नाही.

“ही गाडी स्प्रिंगवर बसलेलीच नाही,” उस्ताद म्हणाले. “रबरावर बसलीय. खाचखळगा आला की स्प्रिंगनं दबायचं कुठं?”

रणधीर वर आला. तसाच जाऊन निळ्या गाडीशेजारी जमिनीवर आडवा झाला. आत डोकावून बराच वेळ बघत राहिला.

“तुमचं रबर कापलेलं आहे! निम्मंच आहे. हे मला दिसलं कसं नाही?”

“काय बसवायचं ते तू बघत होतास. काय काढायचं ते कोण बघतं?”

रणधीरला राग आला नाही. उलट हुरूप आला. गाडी उडत का होती ते आता कळलं होतं, आणि एकदा कळलं की त्याचा हात कुणाला ऐकत नसे. गाडी स्टँडवर चढली, चाकं निघाली, चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मचे बोल्ट सैल झाले, शॉकअप बाहेर आले. त्यानं रबरं कापून आखूड केली. स्प्रिंगखालची आट्याची रिंग फिरवून गाडी थोडी वर घ्यायला उस्तादांनी सांगितलं. किती, ते नुसत्या हातानं दाखवलं. रणधीरला ते फारसं पटलं नाही, पण त्यानं घेतली.

सगळं जागच्या जागी बसलं. मग त्यानं मोठा पाना घेतला आणि आर्मच्या बोल्टला लावला.

“थांब.”

“का?”

“गाडी कुठाय?”

“स्टँडवर. चाकं लोंबतायत तोवर हात नीट पोचतो. मी नेहमी असंच आवळतो.”

उस्ताद उठले. रणधीरजवळ आले.

“हात खाली सोड. सैल.”

रणधीरनं सोडला. उस्तादांनी त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि कमरेशी घट्ट दाबून ठेवली.

“आता हात वर कर.”

रणधीरनं हात उचलला. तो अर्ध्यातच अडला. शिवण ताणली गेली, गळा एका बाजूला ओढला गेला.

“कर की.”

“होत नाही. ओढतंय.”

“तू बोललास. रबर बोलत नाही.”

उस्तादांनी बाही सोडली आणि ते परत जाऊन खुर्चीवर बसले.

रणधीर पाना हातात धरून तसाच उभा राहिला. त्यानं आर्मकडे बघितलं. बोल्टाभोवतीच्या रबरी बुशकडे बघितलं.

“म्हणजे...” तो स्वतःशीच बोलू लागला. “बोल्ट आवळला की बुश आहे तिथं पकडला जातो. लोंबताना आवळला, तर गाडी खाली उतरली की रबर पिळलेलंच राहणार. उभी असतानाही. कायमचं.”

उस्तादांनी मान डोलावली.

“मी आजवर जेवढ्या गाड्या केल्या...”

उस्तादांनी काढून ठेवलेल्या चाकांकडे बोट दाखवलं.

चाकं लागली. गाडी खाली उतरली, थोडी मागंपुढं ढकलून पुन्हा खड्ड्यावर आणली. आता ती स्वतःच्या वजनावर उभी होती. रणधीर खाली उतरला आणि त्यानं पाना लावला.

“आवळू?”

“गाडीत कोण बसतं?”

“मी.”

“आणि?”

रणधीरनं पाना खाली घेतला.

“...शर्वरी.”

“मग ती कुठाय?”

रणधीर हसला. “तिच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवतो की सीटवर.”

“पोतं घाबरत नाही.”

“पण उस्ताद, बोल्टला काय फरक पडतो?”

“बोल्टला नाही पडत.”

एवढं बोलून उस्ताद नमाजाला निघून गेले.

गाडी तशीच राहिली. सैल बोल्टांची गाडी रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून रणधीर एसटीनं घरी गेला. खिडकीशी जागा मिळाली होती, पण बाहेर त्याचं लक्ष नव्हतं. काय बोलायचं ते तो जुळवत होता. इचलकरंजी आली तरी ते जुळलं नव्हतं.

शर्वरी गच्चीवर कपडे काढत होती.

“रस्ता खराब नव्हता,” तो म्हणाला.

तिनं वळून बघितलं.

“रस्ता होता तसाच होता. गाडी मी चुकीची बसवली होती.”

तिच्या हातात चादर होती. ती तिनं घडी न करताच खांद्यावर टाकली.

“मग आता?”

“आता बोल्ट सैल आहेत. तू गाडीत बसल्याशिवाय उस्ताद आवळू देत नाहीत.”

“सैल बोल्टांच्या गाडीत मी बसू?”

“गाडी जागची हलणार नाही. मी तिच्या खाली असेन.”

तिनं खांद्यावरची चादर काढून घडी घातली.

“तुम्ही खाली?”

“हो.”

दुसऱ्या दिवशी दोघं शिरोलीला आली. शर्वरी आधी गाडीत बसलीच नाही. खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसून खाली वाकली.

“चाचा, ते लाल म्हणजेच स्प्रिंग का? आणि तेवढ्यावर सगळी गाडी?”

“तेवढ्यावरच, बेटा.”

“मग घाटात ते कुठे गेलं होतं?”

उस्तादांनी रणधीरकडे बोट दाखवलं. “त्याला विचार.”

रणधीरनं सांगितलं. रबर, जागा, दबणं, सगळं. ती मधेमधे अडवून विचारत होती. त्याच्या कामाबद्दल तिनं याआधी कधी विचारलं नव्हतं. त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

मग ती पुढच्या सीटवर बसली. रणधीरच्या जागी स्टेअरिंगशी उस्ताद बसले. गाडी किंचित खाली गेली आणि थांबली.

“आवळ,” उस्तादांनी वरून सांगितलं.

खालून कट् असा आवाज आला.

“हे काय वाजलं?” शर्वरी दचकली.

“पाना आहे,” तिच्या पायांखालून रणधीर बोलला. “पुरेसं आवळलं की तो वाजतो. मग थांबायचं.”

“आणि नाही थांबलं तर?”

“बोल्ट तुटतो.”

पुन्हा कट् वाजलं. ह्या वेळी ती दचकली नाही.

चाकांचा अँगल दोरी लावून सरळ करून घेतला, आणि दोघं जोतिबाच्या रस्त्याला निघाली. चढ सुरू झाला तशी शर्वरीनं दाराची मूठ पकडली. रणधीरनं ते बघितलं, वेग वाढवला नाही.

एका वळणावर रस्ता खचलेला होता. गाडी दबली, वर आली आणि गप्प झाली. मागचं अंग जागचं हललं नाही.

पुढचं वळण आलं. त्याच्या पुढचंही. केव्हा तरी शर्वरीनं मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला.

वर पोचल्यावर रणधीरनं गाडी वळवायला घेतली.

“अजून थोडं पुढे जाऊ या,” ती म्हणाली.

दोघं शिरोलीला परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. रणधीरनं आपली गाडी निळ्या गाडीशेजारी लावली. शर्वरी उतरून पाणी प्यायला गेली. रणधीर मात्र खाली वाकला. चाक आणि पत्र्याच्या मधे त्यानं बोटं धरून बघितली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग पुन्हा इकडे.

“उस्ताद, शेवटचं एक विचारू?”

“विचार.”

“सगळं तुमच्यासारखंच केलं. आम्ही दोघं बसलो की माझी गाडी बरोबर बसते, पण रिकामी उभी केली की तुमच्यापेक्षा बोटभर उंच राहते. तुम्हीच रिंग वर घ्यायला लावलीत. मग तुमची एवढी खाली कशी?”

उस्तादांनी निळ्या गाडीच्या टपावरून हात फिरवला. थोडी धूळ बोटांना लागली, ती त्यांनी सदऱ्याला पुसली...

“माझ्या गाडीत मी एकटाच असतो.”