मिरीचा पहिला चुरा

एक होती मुंगी. काळी कुळकुळीत, एवढीश्शी. तिचं नाव मिरी.

मिरी राहायची बकुळामावशीच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या फटीत. मावशी ओव्हनमध्ये नानखटाई भाजायची. पहिली नानखटाई मोडायची आणि म्हणायची, "पहिला चुरा मिरीचा!" चुरा खिडकीत ठेवायची. मिरी तो मटकावायची.

एक दिवस मावशीने स्वयंपाकघर नवं करायला काढलं. धाडधाड! जुना ओटा गेला. जुना ओव्हन गेला. मिरीचा चुराही गेला!

मग नवा ओव्हन आला. विजेची नवी शेगडी आली. चकचकीत! पण दोघं थंडगार.

"चुरा माझ्या हक्काचा. मी तो मिळवणारच!" मिरी म्हणाली. निघाली तुरूतुरू, तुरूतुरू.

"ओव्हनदादा, शेगडीताई, तापा ना!
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"आम्ही नाही तापणार. वायर आली तर तापू."

मिरी गेली वायरीकडे, तुरूतुरू, तुरूतुरू. जाडजूड वायर वेटोळं करून बसली होती.

"वायरअक्का, वायरअक्का, ये ना!
ओव्हन-शेगडी तापतील,
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"मी नाही येणार. भिंतीने वाट दिली तर येईन."

मिरी गेली भिंतीकडे, तुरूतुरू, तुरूतुरू.

"भिंतआजी, भिंतआजी, वाट दे ना!
वायर येईल,
ओव्हन-शेगडी तापतील,
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"मी नाही वाट देणार. काकांनी खाच पाडली तर देईन."

काका म्हणजे गफूरकाका वायरमन. पायात स्लीपर, हातात पक्कड, कानावर लाल पेन्सिल. मिरी गेली त्यांच्याकडे, तुरूतुरू, तुरूतुरू.

"काका, काका, खाच पाडा ना!
भिंत वाट देईल,
वायर येईल,
ओव्हन-शेगडी तापतील,
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"मी नाही खाच पाडणार. तुझ्या मावशीने खूण केली तर पाडीन. नाहीतर ओव्हन इकडे न् वायर तिकडे!"

मिरी गेली मावशीकडे, तुरूतुरू, तुरूतुरू. मावशी डबे उलटेपालटे करत होती.

"मावशी, मावशी, खूण कर ना!
काका खाच पाडतील,
भिंत वाट देईल,
वायर येईल,
ओव्हन-शेगडी तापतील,
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"मी नाही खूण करणार. पेन्सिल सापडली तर करीन. मेली गेली कुठे कोण जाणे!"

तुला ठाऊक आहे ना, कुठे गेली ते? मिरीलाही ठाऊक होतं!

मिरी चढली काकांच्या स्लीपरवर. स्लीपरवरून खांद्यावर. खांद्यावरून थेट कानावर!

"पेन्सिलबाई, पेन्सिलबाई, खाली ये ना!
मावशी खूण करील,
काका खाच पाडतील,
भिंत वाट देईल,
वायर येईल,
ओव्हन-शेगडी तापतील,
नानखटाई फुलेल,
पहिला चुरा मला मिळेल!"

"मी नाही येणार. इथे छान ऊब आहे. कान हलला तर येईन."

"हात्तिच्या! एवढंच?"

मिरीने कानाला गुदगुल्या केल्या. गुदूगुदू, गुदूगुदू!

"ही ही ही!" काकांनी मान हलवली. टण्ण! पेन्सिल खाली.

"अगंबाई! तुमच्याच कानावर होती?" मावशी म्हणाली. काकांनी जीभ चावली.

मग काय! मावशीने खूण केली. इथे फुली, तिथे फुली. काकांनी आधी मेन स्विच बंद केला, मग छिन्नीने खाच पाडली, ठकठक! भिंतीने वाट दिली. वायर आली, सरसरसर! वर गिलावा, थापथाप. मेन स्विच चालू, टक! ओव्हन तापला. शेगडी तापली. नानखटाई फुलली. खमंग वास सुटला!

काकांनी हात पुढे केला.

"थांबा, गफूरभाई!" मावशी म्हणाली. तिने पहिली नानखटाई मोडली. "पहिला चुरा मिरीचा!"

मिरीने चुरा डोक्यावर घेतला. चुरा मोठा, मिरी छोटी. चालली ऐटीत, तुरूतुरू, तुरूतुरू.

आणि तुझ्या ताटलीत काय उरलंय बरं? चुरा? राहू दे हं. मिरी येईल!