शिवजटेच्या बासष्ट बिया

शके १७९४, भाद्रपद वद्य पंचमी, दिवस चार घटका वर आलेला. कडेवाडीच्या गुहेत श्रीकडेनाथ महाराजांच्या धुनीपुढे ठमाबाईने बासष्ट बिया मोजून ठेवल्या. गावातल्या चार बाळंतिणी त्या वर्षी तापाने गेल्या होत्या आणि त्या तापावर औषध एकच, कड्यावरच्या शिवजटेचा पाला.

ठमाबाई महादेव कोळ्यांची सुईण. बी गळाल्याशिवाय शिवजटेला हात लावायचा नाही, ही तिच्या घरची रीत. नारोशास्त्री वैद्यांनी मात्र मुळ्यांच्या लोभाने ऐन फुलात सारी झाडे उपटवली. चौथी गेली ती त्यांचीच सून. आता बी उरले ते ठमाबाईच्या वाळल्या भोपळ्याच्या भांड्यात होते तेवढेच. पावसाळाभर मातीत पेरून ठेवूनही त्यातले एकही फुटले नव्हते, म्हणून तिने ते परत उकरून आणले होते, आणि तिची लेक साळू नवरात्रात बाळंत व्हायची होती.

“मेलेलं बी घेऊन बसलीस, ठमे,” गुहेच्या तोंडाशी उभे असलेले शास्त्री म्हणाले. “त्यातलंच एक मी दुधात भिजवून पाहिलं. कुजलं.”

महाराजांनी बी नखाने दाबून पाहिले. “मेलेलं नाही, निजलंय. आई, हे झाड कड्यावर कधी दिसायचं?”

“वणवा जाऊन गेला का म्होरल्या पावसात, महाराज. राखंत.”

“मग धुनीत घालू?”

“भाजलेलं बी उगवल्याचं ऐकलंय का कुणी?” शास्त्री हसले.

ठमाबाईने त्यांच्याकडे पाहिले नाही. बिया उचलून तिने महाराजांच्या ओंजळीत टाकल्या.

महाराजांनी मूठ मिटली आणि ती धगधगत्या राखेत खुपसली. “माझ्या हाताला सोसेल तेवढंच त्यांना,” असे म्हणून त्यांनी एकशे आठ नामे घेतली. हात बाहेर आला तेव्हा कातडी सोलली होती. बिया शाबूत होत्या.

ठमाबाईने ती राख मिसळलेल्या मातीत पेरली. वणव्यानंतरही महिन्याने फुटणारे ते बी तिसऱ्या दिवशी फुटले. आश्विन शुद्ध चतुर्थीला साळू बाळंत झाली. रात्री ताप चढला, ठमाबाईने कोवळा पाला वाटून पाजला, पहाटे घाम फुटून ताप उतरला.

नारोशास्त्री अनवाणी गुहेत आले. महाराजांच्या भाजलेल्या हाताकडे पाहून ते खाली बसले. “माझ्या सुनेचं औषध मीच उपटलं, महाराज.”

“मला नको सांगू. बी जिनं राखलं तिला सांग.”

शास्त्रींनी ठमाबाईच्या पायांवर डोके ठेवले.

बासष्टांपैकी एकोणीस बिया उगवल्या. त्या वर्षी कडेवाडीत बाळंतपणे नऊ झाली. चार आया गेल्या, पाच राहिल्या.